पालथी पडणारी पानं

घरी प्रिंटर घ्यायचा ठरवला तेव्हा आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांनी गृहीत धरलं की तो त्यांना विचारून घेतला जाईल. या दोघांपैकी कुणी आयुष्यात स्वतःच्या हाताने एक पान छापलेलं नाही. नवऱ्याला आधार कार्डाची झेरॉक्स लागली तरी तो ती मला आणायला सांगतो. धाकटे दीर नांदेडला असतात. त्यांना यंत्रांतलं कळतं, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत आहे, आणि ते दुसऱ्या कुणाचंही नाही.

प्रिंटर हवा होता सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशी पद्धत आहे. त्यांची मुलं त्यांना अव्वा म्हणतात, कारण त्यांचं सगळं आयुष्य उदगीरला गेलं आणि तिथून कर्नाटक हाकेवर आहे. उदगीरला आमची धान्याची आडत होती. सासरे गेले, दुकान बंद झालं आणि आत्याबाई लातूरला आमच्याकडे आल्या. येताना त्यांनी पूजेचं सामान आणि रहस्यकथांची एक ट्रंक आणली. दुकानात धान्याच्या नमुन्याच्या पुड्या बांधायला रद्दी यायची. त्या रद्दीतून आत्याबाई खुनाच्या गोष्टींची पुस्तकं वेचून काढायच्या आणि फुरसत मिळाली की वाचू म्हणून ट्रंकेत टाकायच्या. दुकान, गडी, सणवार आणि दोन मुलगे यांत ती फुरसत कधी मिळाली नाही. ती मिळाली तेव्हा डोळे गेले होते.

गेले म्हणजे अगदी गेले नव्हते. नजरेच्या मधोमध डाग पडला आहे, चष्म्याने काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अंगठ्याच्या नखाएवढं, ठसठशीत काळं अक्षर असेल तर त्यांना मान जरा तिरकी करून वाचता यायचं. ते किती दिवस येईल हे सांगता येत नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं. इकडे ट्रंक जवळजवळ भरलेलीच होती.

शेजारच्या बायकांनी मला सल्ला दिला की आता म्हाताऱ्या माणसाला रोज पोथी वाचून दाखवत जा, पुण्य लागेल. आत्याबाईंनी ते ऐकलं.

"पोथी मला पाठ हाय," त्या म्हणाल्या. "पाठ हाय ते वाचायला डोळे कामून खर्चायचे?"

वाचून दाखवण्याचा प्रयोग करून झाला होता. नवरा खुनाचा प्रसंग तुरीचे भाव सांगावेत तसा वाचतो. माझी अडचण निराळी होती. खुनी माणूस समोर आला की माझा आवाज बदलतो म्हणे. मला तसं कधी वाटलं नाही, पण आत्याबाई हात वर करून मला थांबवायच्या. "बस कर. आता तू सावकाश वाचाय लागलीस. म्हंजे ह्योच." आणि तोच असायचा. मोबाइलवर अक्षर मोठं करून दिलं तर त्यांचं बोट लागायचं आणि पान कुठल्या कुठे पळायचं. त्यांना कागद हवा होता, हातात धरता येईल असा. आणि शेवट स्वतःच्या डोळ्यांनी गाठायचा होता, कुणी सांगण्याआधी. त्यांची मागणी एवढीच होती, आणि मला ती अगदी रास्त वाटली.

मग मी पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायला लागले. त्यातून अक्षरं वेगळी काढून देणारी सोय हल्ली असते. ती काढताना ती जे घोळ घालते ते मी लॅपटॉपवर दुरुस्त करायची, अक्षर मोठं करायची आणि पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायची. लातुरात झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. क्लासच्या प्रत्येक इमारतीखाली ती आहेत आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या नोट्स तिथे दिवसभर धडधडत असतात. मी कॉलेजात बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या नोट्सची लायकी मला माहीत आहे. त्या गर्दीत माझं पोटात खुपसलेल्या सुऱ्याचं प्रकरण छापून निघायचं.

एकदा दवाखान्यातून परत येताना आत्याबाईंना रिक्षात बसवून मी पानं घ्यायला उतरले. झेरॉक्सवाला गठ्ठा घेऊन स्वतः रिक्षापर्यंत आला. एवढी माणुसकी त्याला कुठून सुचली ते लगेच कळलं.

"मॅडम, मला वाटलंच होतं तो मुनीम असणार म्हणून," तो खूश होऊन म्हणाला. "दुधात विष घातलं ते तर एकच नंबर!"

घरी आल्यावर आत्याबाईंनी गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "चूल पेटवाय घे." आमच्याकडे चूल नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्या भिंतीला टेकून नुसत्या बसून राहिल्या. नुसतं बसून राहिलेलं माणूस मला घरात बघवत नाही. छापायचं तर आता घरीच, असं मी ठरवलं.

मी लेझर प्रिंटरच घेणार होते, तोही फक्त काळा. का, हे नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. लेझरमध्ये शाई नसते, बारीक भुकटी असते, ती उष्णतेने कागदावर वितळून बसते, म्हणून ओलं बोट लागलं तरी पसरत नाही. आत्याबाईंना जिभेला बोट लावून पान उलटायची सवय आहे. नवऱ्याने सगळं ऐकलं, बरोबर आहे म्हणाला, आणि संध्याकाळी नांदेडला फोन करून भावाला सांगितलं की हिला प्रिंटर घ्यायचाय, तू बघ.

आमच्या घरात वस्तू दुकानातून घेत नाहीत, ओळखीतून घेतात. आमचा फ्रीज ओळखीचा आहे, पंखे ओळखीचे आहेत, पाण्याची मोटर तर फारच जवळच्या ओळखीची होती आणि पहिल्याच उन्हाळ्यात जळली. ओळखीत घेतलेली वस्तू बिघडली की तक्रार करता येत नाही, कारण बरं दिसत नाही. ओळखीचा दुकानदार चांगलं ते काढून देतो, असं सगळे सांगतात. माझ्या अनुभवात तो पडून राहिलेलं ते काढून देतो आणि वर चहा पाजतो.

भाऊजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. आपला माणूस बसलाय की नांदेडला."

"भाऊजी, मला लेझर पाहिजे. काळा."

"काळा कामून? तेवढ्यातच रंगीत येऊन राहिलाय."

"आत्याबाईंना खून काळ्या रंगात चालतो."

ते मोठ्याने हसले. भाऊजी हसले की समजावं, त्यांनी ऐकलेलं नाही.

पुढच्या रविवारी ते गाडीतून खोकं घेऊन आले. शाईचा, रंगीत, बाजूला पारदर्शक टाक्या असलेला. सोबत झेंडूचा हार आणि नारळ. आत्याबाईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या हातून यंत्राची पूजा झाली. त्यांनी झाकणावर तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढले. नारळ मी दाराबाहेर फोडायला लावला. मग पहिलं पान म्हणून भाऊजींनी स्वतःचा फोटो छापला. चौकातल्या फलकावर असतो तसा, हात जोडलेला, मागे निळं आकाश.

"बघा वहिनी, रंग कसा उतरलाय."

"उतरलाय खरा," मी म्हटलं. "आता हा कुठे लावू?"

त्यांनी तो खरंच भिंतीला टेकवून ठेवला.

त्यांची गाडी निघाली आणि मी कामाला लागले. पहिली खोड संध्याकाळपर्यंत कळली. या यंत्रातून पानं तोंड वर करून बाहेर पडत होती. पहिलं पान खाली, त्यावर दुसरं, असं करत शेवटचं पान सगळ्यांत वर. म्हणजे गोष्ट छापून झाली की खुनी कोण ते अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरात खोलीला दाखवत पडायचं. आत्याबाई पानं घ्यायला उठल्या आणि जागीच थांबल्या.

"भाचा व्हय," त्या म्हणाल्या. "आता ते बाकीचं बी दे, बघू कसं मारलं ते."

शेवटाकडून सुरुवातीकडे छापायची सोय त्यात होती. मी तसं करून पाहिलं. पण मधेच कागद अडकायचा, आणि अडकलेलं ओढून पुन्हा सुरू केलं की क्रमाचा चिवडा. मी उभी राहून प्रत्येक पान बाहेर पडलं की उचलून पालथं घालायला लागले. हे मी कॉलेजातून आल्यावर, उभ्याने, एका यंत्रासाठी करत होते, जे माझा त्रास वाचावा म्हणून आणलं होतं. नवरा सोफ्यावरून म्हणाला, "पण रंग चांगला आहे." रंगीत असं त्या घरात काहीच छापलं जात नव्हतं. भाऊजी तेवढे होते, भिंतीला टेकून.

दुसरी खोड भाऊजींनी स्वतः येऊन पाहिली, याचं मला आजही समाधान आहे. आत्याबाई सकाळी पूजा करून, कपाळभर भस्म लावून वाचायला बसतात. जिभेला बोट, पान, जिभेला बोट, पान. आणि कुणाचा संशय आला की त्या तीन बोटं कपाळावरून फिरवतात. ही सवय त्यांना आहे, हे मलाही तोवर जाणवलं नव्हतं. बोटांना ओल, ओलीला शाई, आणि त्या गोष्टीत संशयित भरपूर होते. काही कामासाठी लातूरला आलेले भाऊजी सकाळीच घरात शिरले. समोर त्यांची आई, कपाळावर पांढऱ्या भस्मावरून ओढलेले तीन काळेकुट्ट पट्टे, ओठाच्या कोपऱ्यातही काळं.

"अव्वा! हे काय लावलंय?"

"तूच आणलास की," आत्याबाई मान न वळवता म्हणाल्या. "शाई चांगली हाय तुझी. कपाळाला बी बसती."

मी त्यांच्यासमोर आरसा धरला. डोळ्यांमधल्या डागामुळे त्यांना चेहरा नीट दिसत नाही, पण पट्टे दिसले. त्यांनी पदराने पुसायचा प्रयत्न केला आणि ते आणखी पसरले. भाऊजी म्हणाले, अव्वाने बोट ओलं करू नये. साठ-पासष्ट वर्षांची सवय आईने मोडावी, कारण ह्यांच्या ओळखीच्या माणसाचा माल परत करायला ह्यांना लाज वाटते. हे त्यांनी तोंडावर म्हटलं, आणि म्हणताना त्यांना त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मी प्रिंटरची वायर काढली, तो खोक्यात भरला, त्यांच्या गाडीत मागे ठेवला आणि पुढच्या सीटवर बसले. पर्समध्ये भस्माची पुडी घेतली होती.

"वहिनी, आज?"

"कॉलेजला सुट्टी आहे. चला."

नांदेडच्या वाटेवर लोह्याजवळ भाऊजी म्हणाले, "तिथं जरा सांभाळून बोला. संबंधातला माणूस आहे."

संबंधातला माणूस काउंटरमागे बसला होता. त्याने मला नमस्कार केला आणि पुढचं सगळं भाऊजींशी बोलला.

"शेठ, ताईंना काय त्रास होऊन राहिला?"

"ताई इथे आहेत," मी म्हटलं. "मला लेझर दाखवा. काळा."

"घरी मुलांच्या प्रोजेक्टसाठी का?" हे पुन्हा भाऊजींना.

"सासूबाईंच्या खुनांसाठी."

भाऊजी खोकले. त्याने एक लेझर लावून दाखवला. मोबाइलवरून कसा छापतो, दोन्ही बाजूंनी आपोआप कसा छापतो, हे सांगत राहिला. दोन्ही बाजूंनी छापलं की मागची अक्षरं पुढे दिसतात आणि अधू डोळ्यांना दोन्ही वाचता येत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. त्याने ते भाऊजींकडे बघून ऐकलं. मी मोठ्या अक्षरातलं एक पान छापून मागितलं. पान आलं. मी पुडी उघडली, बोट जिभेला लावलं, भस्मात टेकवलं आणि अक्षरांवरून जोरात घासलं. अक्षराचा काळा चुरा निघून बोटाला आला.

"ओ ताई, थुंकी लावून कोण बघतं का?"

"सासूबाई बघतात. लेझर असून हे निघतंय कसं?"

बरेच आढेवेढे घेतल्यावर कळलं की दाखवायच्या मशीनमध्ये कुठूनतरी भरून आणलेली भुकटी होती आणि ती त्या मशीनला नीट वितळत नव्हती. "नवीन घेतल्यावर ओरिजिनलच देऊ की," तो म्हणाला. ज्याला स्वतःच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर चांगली भुकटी घालावीशी वाटली नाही, तो माझ्या घरी ती घालणार होता, केवळ भाऊजींच्या प्रेमाखातर. तेवढ्यात चहा आला. मी तो प्यायले, तो चांगला होता, आणि उठले.

समोरच्या बाजूला दुसरं दुकान होतं. भाऊजी पायरीवर अडखळले. "वहिनी, तिथं आपली ओळख नाही."

"म्हणूनच."

ते आत आले नाहीत. रस्त्याच्या मधल्या दुभाजकापाशी उभे राहिले, म्हणजे इकडच्याला वाटावं ते त्याचे आहेत आणि तिकडच्याला वाटावं ते कुणाचेच नाहीत.

या दुकानातला माणूस तिरसट होता. त्याने मला नमस्कार केला नाही, चहा विचारला नाही, घरी कोण असतं तेही विचारलं नाही. मी काळा, साधा, एका बाजूने छापणारा लेझर मागितला, त्याने तो पुढे ढकलला. इतका आराम मला बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता. मी सोबत नेलेला जरा जाडसर, पिवळट कागद त्यात घातला, कारण पांढऱ्याशुभ्र कागदाची चमक आत्याबाईंच्या डोळ्यांना सोसत नाही. कागद विनातक्रार आत गेला. बाहेर आला तेव्हा मी पुन्हा जीभ, भस्म आणि बोट केलं. तो बघत राहिला. भस्म पसरलं. अक्षर जिथल्या तिथे होतं. मी अंगठ्याने घासलं, नखाने खरवडलं, तरी होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"आणखी पाच-सहा पानं काढा."

पानं निघाली आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. छापलेलं तोंड खाली, कोरी पाठ वर. पहिलं पान सगळ्यांत खाली, त्याच्या पाठीवर दुसरं. गठ्ठा उचलून उलटा केला की गोष्ट पहिल्या पानापासून तयार. आणि तोवर तिथे कुणीही उभं राहिलं तरी कोऱ्या कागदाखेरीज काही दिसणार नाही.

"हे पालथं का पडतंय?"

"लेझरचं असंच पडतं," तो म्हणाला. "चालत नसेल तर ऱ्हाऊ द्या."

मी तोच घेतला. नांदेडातल्या दोन दुकानांत मिळून ही एक गोष्ट मला कुणी विकायचा प्रयत्न केला नव्हता, आणि मला हवी होती ती हीच. इन्व्हर्टरवर तो चालणार नाही, एवढं मात्र त्याने आपणहून सांगितलं. वीज असेल तेव्हा छापेन, मी म्हटलं. खुनाला घाई नसते.

शाईचा प्रिंटर संबंधातल्या माणसाने अर्थातच परत घेतला नाही, आणि भाऊजींनी अर्थातच आग्रह धरला नाही. तो आता त्यांच्या नांदेडच्या घरी आहे. त्यावर ते मित्रमंडळींच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापतात, प्रत्येकीत मित्राचा फोटो लहान आणि स्वतःचा मोठा. योग्य यंत्र योग्य घरी पोचलं.

आमच्याकडे नव्या यंत्राची पूजा आत्याबाईंनी परस्पर उरकली. पहिली गोष्ट छापायला घेतली तेव्हा त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. पानं पालथी पडत होती. त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला, मग पुन्हा ठेवला.

"गरम हाय की गं. भाकरीच करून राहिलंय हे."

तेव्हापासून आमच्या घरात छापणं चालू आहे. एका पानावर सुरुवातीला जेवढ्या ओळी मावायच्या तेवढ्या आता मावत नाहीत, कारण मध्ये दोनदा अक्षर वाढवावं लागलं. ट्रंक अर्ध्याच्या खाली गेली आहे. कोण आधी संपणार, ट्रंक की डोळे, हे मी बघत बसत नाही. छापते. दुरुस्त्या करताना खुनी मला कळलेला असतो, म्हणून त्या वाचत असताना मी त्यांच्यासमोर फिरकत नाही. चेहऱ्यावरूनही कळतं म्हणे.

मागच्या महिन्यात भाऊजी आले होते. आत्याबाई एका लांबलचक गोष्टीच्या मध्यावर होत्या. तीन माणसांवर संशय होता: पुतण्या, डॉक्टर आणि विधवा बहीण. पुढचं प्रकरण यंत्रातून पडत होतं. भाऊजी जवळ गेले, कोरी पाठ पाहिली आणि म्हणाले, "छापूनच नाही राहिलंय हे, वहिनी." आणि वरचं पान उलटायला हात घातला. आत्याबाईंना त्यांचा चेहरा दिसत नसेल, पण हात दिसला. त्यांनी तो फाडकन मारला.

"हात काढ, लेका."

भाऊजी माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. मनगट चोळत, हळू आवाजात म्हणाले, "आहे तरी कोण खुनी? मला सांगा की. मी थोडंच बोलणार आहे?"

मी कणीक मळत होते. मान वर न करता सांगितलं, "डॉक्टर."

चहाचा कप रिकामा होईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. "अव्वा, एवढं डोळे फोडून काय वाचून राहिलीस? डॉक्टरनं मारलंय त्याला."

मी कणकेचे हात घेऊन दारात आले. आत्याबाई पान हातात धरून थांबल्या होत्या. त्यांनी एकदा भाऊजींच्या दिशेने मान तिरकी केली, एकदा माझ्या.

"ह्याला कुणी सांगितलं?"

"मीच," मी म्हटलं.

त्यांनी तीन बोटं कपाळावरून फिरवली. भस्म फक्त भस्मच राहिलं.

"म्हंजे डॉक्टर न्हाई," त्या म्हणाल्या, जिभेला बोट लावलं आणि पान उलटलं.